बिनपडद्याची

गुलाबसिंगनं चादरीतून बेस गिटार बाहेर काढली. ऑर्केस्ट्रात बेस वाजवणाऱ्या बाबूसिंगची नजर आधी तिच्या दांडीवर गेली. दांडी सपाट होती. पडदे नव्हते.

पडदे म्हणजे दांडीवरच्या त्या आडव्या बारीक पट्ट्या. दोन पट्ट्यांच्या मधे कुठंही बोट दाबा, सूर बराबर जागेवर येतो. पडदे नसले की बोटाची जागा कानानं शोधायची. आणि बाबूसिंगच्या कानांचं म्हणाल, तर डावा केव्हाच गेला होता, उजवा जाऊन राहिला होता. बेसवाल्याची जागा कायम स्पीकरच्या बॉक्सशेजारी. लग्नं, गणपती, उरूस करता करता व्हायचं ते झालं. आता तो ड्रमवाल्याचा पाय पाहून ताल धरायचा आणि पडद्यांच्या भरवशावर वाजवायचा. ऑर्केस्ट्रात कुणाला पत्ता नव्हता. ठाऊक होतं ते त्याच्या बायकोला, रूपाबाईला. ती तिथंच कोरसला गायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, बोलू नका कुठं, असं तीच त्याला म्हणाली होती.

कळमनुरीच्या लग्नाला निघालेली ऑर्केस्ट्राची मॅटाडोर वारंगा फाट्यावर चहाच्या हॉटेलापुढं उभी होती. मालक उत्तमरावानं नांदेडच्या या गुलाबसिंगला मुद्दाम बोलावलं होतं. जुनी बेस द्यायची, ही घ्यायची, मामला खतम. जुनी जड होती, पण बाबूसिंगनं हौसेनं सजवलेली. फाट्यावरच्याच ट्रक रंगवणाऱ्या पेंटरकडून त्यानं तिच्यावर लाल कमळं काढून घेतली होती. ती आता बाकावर पडली होती आणि तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

गुलाबसिंगनं छोट्या बॉक्सला वायर जोडली आणि एक सूर खालून वर घसरवत नेला. चहावाला गाळणी हातात धरून थांबला.

"देखो सेठ. असा आवाज पडदेवाली में नहीं आता."

उत्तमराव खूश झाला. "बाबू, घे. वाजवून पाह्य."

ओठ दिसले म्हणून बाबूसिंगला कळलं. "काहून मालक? जुनी काय वाईट हाय?" तो मोठ्यानंच बोलला. तसा तो आताशा मोठ्यानंच बोलायचा.

"पोरगी पाह्याला आल्यावानी लाजून काहून राहिला? वाजव."

आता नाही कसं म्हणायचं? उत्तमराव भला माणूस, पण कामात सख्ख्या भावाचाही नाही. ढोलकीवाला सोनाजी दोनदा ताल चुकला, तर त्याला ढोलकीसकट रस्त्यात उतरवून गाडी पुढं गेली होती. बाबूसिंगला दुसरं कोणतं काम येत होतं?

रूपाबाई उठली आणि नवऱ्याच्या बरोबर समोर जाऊन उभी राहिली.

पहिलाच सूर उतरलेला निघाला. तिनं हनुवटी जराशी वर केली. बाबूसिंगचं बोट वर सरकलं. पुढचा चढा लागला, तिनं हनुवटी खाली घेतली. बोट मागं आलं. सगळं गाणं असं हनुवटीवर चाललं होतं. ती मनातल्या मनात तांड्याच्या देवाला म्हणत होती, सेवाभाया, एवढी लाज राख.

"नया हाथ है," गुलाबसिंग म्हणाला. "बैठ जाएगा."

उत्तमराव खाटेवरून उठला, सावकाश चालत बाबूसिंगच्या पाठीमागं गेला. रूपाबाईची हनुवटी जागच्या जागी थांबली. सूर तिथंच भरकटला.

"बाबू," उत्तमराव मागून म्हणाला, "घ्यायची का मंग ही?"

बाबूसिंग वाजवत राहिला. त्याचे डोळे बायकोच्या तोंडावर होते.

"नको म्हणतेत ते," रूपाबाई घाईनं बोलून गेली.

"म्या तुला न्हाई, त्याला इचारलं."

मग तो मोठ्यानं म्हणाला, "बाबू." मागच्या बाकावरचा म्हातारा वळून पाहू लागला. बाबूसिंगनं मान वळवली नाही. रूपाबाईनं पदराआड दोन्ही हात जोडले आणि मालकाकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

उत्तमरावानं तिच्याकडं पाहिलं, मग बाबूसिंगच्या बोटांकडं. सपाट दांडीवर ती आंधळ्यागत चाचपडत होती.

"राहू द्या सरदारजी," तो म्हणाला. "आमाला पडद्याचीच बरी."

"सेठ, ऐसी चीज फिर नहीं मिलेगी."

"न्हाई मिळाली तर न्हाई मिळाली."

गुलाबसिंगनं खांदे उडवले, वायर काढली, बाबूसिंगच्या हातातून गिटार घेतली आणि चादरीत गुंडाळायला लागला. बाबूसिंग गोंधळून बायकोकडं बघायला लागला. "काय झालं? पसंत न्हाई पडली मालकाला?"

रूपाबाईनं मान हलवली. बाबूसिंगचा जीव भांड्यात पडला. त्यानं बाकावरची जुनी बेस उचलून मांडीवर घेतली. "म्या पयलेच म्हणलं होतं," तो अख्ख्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणाला. "आपल्याला काय तकलीफ होती हिची?"

उत्तमराव पाठीमागून फिरून त्याच्या पुढं आला. बाबूसिंग वर पाहीपर्यंत थांबला. मग एकेक शब्द सुटा करत, तोंड मोठं उघडून म्हणाला, "बाबू, च्या, घेतो, का?"

"घेतो की," बाबूसिंग हसला. "पर असं तोंड वासून काहून बोलून राहिले मालक? म्या काय बहिरा हाय?"

"न्हाई रे," उत्तमराव म्हणाला, आणि त्याला दिसेल अशी मान हलवली.