मांडवीचा आवाज

ऊर्मिलेवर आधीच सात-आठ लेखकांनी हात साफ केला होता, म्हणून सरांनी आपल्या कादंबरीसाठी भरताची बायको मांडवी धरली. "हजारो वर्षं मुकी ठेवलेल्या बाईला मी आवाज दिलाय," असं ते प्रकाशकाच्या कचेरीत येईल त्याला ऐकवायचे. कोपऱ्यातल्या टेबलावर प्रूफं तपासणाऱ्या बाई मान खाली घालून लाल पेन चालवत राहायच्या. चारशे पानांत मांडवी बोलली होती फार तर दहा वेळा. उरलेलं सगळं तिच्या वतीनं सरच बोलत होते.

बाईंनी एकदा धीर करून तसं सांगितलंही. सर हसले. "अहो, तुम्ही आपले स्वल्पविराम बघा. बायकांचं मन मला चांगलं कळतं."

बाईंनी मनातल्या मनात कोपरापासून हात जोडले.

सरांचं अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय. त्यामुळे अख्खी कादंबरी त्यांच्या बायकोनं स्वच्छ उतरवून दिली होती. एकेक अक्षर मोत्यासारखं. चारशे पानांत कुठे खाडाखोड नाही. पुस्तक छापायला जायच्या दिवशी अर्पणपत्रिकेचा तेवढा कागद यायचा राहिला होता, तोही आला. बाईंनी पेन उघडलं आणि वाचलं : 'चाळीस वर्षांच्या संसारात जिने कधी उलट शब्द काढला नाही, त्या माझ्या पत्नीस.'



अक्षर मोत्यासारखं होतं.