जावयाने बसवलेली रॅम

जावयाने स्वतः निवडून आणलेली रॅमची नवी पट्टी कॉम्प्युटरच्या पोटात ठेवून पुन्हा दाबली. बसेना. सासूबाई बॅटरीचा उजेड धरून कौतुकाने बघत होत्या.

सासूबाई अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत. सध्या रहस्यकथा चालू होती आणि शेवटच्या प्रकरणात खुनी सापडणार एवढ्यात कॉम्प्युटर मान टाकायचा. कॉम्प्युटरची मेमरी कमी पडतेय, रॅम वाढवा, असं कुणीतरी सुचवलं. जावई कॉम्प्युटर कंपनीत असल्यामुळे त्या निर्धास्त होत्या. कंपनी कॉम्प्युटरची होती हे खरं, पण जावई तिथे माणसं नेमायचा. लग्न ठरताना कुणी खोलात शिरलं नव्हतं आणि त्यानेही शिरू दिलं नव्हतं.

“पट्टीच खराब दिसतेय,” तो घाम पुसत म्हणाला आणि जोर लावायला त्याने दोन्ही अंगठे टेकवले.

“राहू द्या,” सासरे म्हणाले. “दुकानात जाऊन येऊ.” त्यांनी काढून ठेवलेली जुनी पट्टीही खिशात टाकली.

दुकानदाराने दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. “जुनी डीडीआर थ्री, नवी डीडीआर फोर. लांबी सारखीच, पण मधली खाच बघा, जरा सरकलेली आहे. चुकीची बसू नये म्हणूनच तसं करतात. आणखी जोर लावला असता तर कॉम्प्युटरचा मुख्य बोर्डच गेला असता. ही आणली कुणी?”

जावई छताकडे बघू लागला.

“मी,” सासरे म्हणाले. “यांनी बरोबर सांगितलं होतं. माझीच ऐकण्यात चूक झाली.”

दुकानातून बदलून आणलेली पट्टी घरी ‘टक्’ आवाज करून बसली. सासूबाईंनी खोलीचं दार लावून घेतलं आणि आतून त्यांचा धीरगंभीर आवाज न अडखळता येऊ लागला. सासरे-जावई चहा घेऊन पायरीवर बसले.

“बाबा,” जावई हळूच म्हणाला, “मला यातलं काहीच कळत नाही.”

“तुम्ही स्क्रू उलटा फिरवत होतात तेव्हाच लक्षात आलं.” सासऱ्यांनी चहाचा घोट घेतला. “मीही हिच्या वडिलांना सांगितलं होतं, मला उत्तम पोहता येतं म्हणून.”

“मग?”

“त्यांच्या अंगणात विहीर होती.”