बाईच्या दोन जन्मकथा

"तुम्ही खोटं बोलताय, हज्जानसाहेब. अख्खा तोरा धर्मग्रंथ एकाच हातचा, तर बाईची जन्मकथा दोनदा कशाला?"

सिनेगॉगात नऊ पुरुष जमले होते. वारलेल्या बाबांसाठी कद्दिशची प्रार्थना म्हणायला दहा लागतात आणि गावातली बाकीची मंडळी कधीच इस्रायलला गेली. दहावी मी उभी होते, पण बायका मोजत नाहीत. बाकावर घोरणारे हनोखकाका मात्र मोजले होते.

"पेणहून शिमशोन निघालाय," प्रार्थना चालवणारे हज्जान म्हणाले. "तोवर गप्प बस."

"आईच्या वेळीही तो निघालाच होता. तिची प्रार्थना राहिली ती राहिलीच."

"बाई पुरुषाच्या फासळीतून झाली. लिहिलंय तसं!" ते ओरडले.

"दुसऱ्या अध्यायात. पहिल्यात देवानं दोघांना एकदमच घडवलंय. लिहिणारे दोन असतील तर कबूल करा. एकच असेल तर तो आदलं पान विसरला म्हणा."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणीच नाही. म्हणून तर दिसलं."

हनोखकाका जागे झाले. "मोजा की पोरीला, भूक लागलीय."

हज्जानांनी पुस्तक मिटलं.

"मिटू नका. बाबा खोळंबलेत. बोला, मला कोणत्या पानावरून मोजता?"