वाफ्यांमधली वाट

दातांचे डॉक्टर दर रविवारी डोंगरात सायकल चालवायला जात. एकदा पायथ्याच्या रोपवाटिकेतल्या मावशींनी त्यांना हात करून थांबवलं. कोवळ्या रोपांच्या वाफ्यांवर चाकांच्या खुणाच खुणा होत्या.

"डॉक्टर, किती सायकलवाले इथून घुसतात हल्ली! अडवलं तर मनगटावरचं घड्याळ दाखवतात. म्हणे, ॲपमध्ये हीच वाट आहे. कोणी टाकली, जरा शोधाल?"

घरी येऊन डॉक्टरांनी ॲप उघडलं. त्या वाटेखाली त्यांचंच नाव होतं. दोन वर्षांपूर्वी रस्ता चुकून ते त्या वाफ्यांतून गेले होते आणि घड्याळाने टिपलेली वाट त्यांनी हौसेने तशीच सगळ्यांसाठी टाकली होती.

त्यांनी ती तिथल्या तिथे पुसून टाकली.

महिनाभराने वाफे पुन्हा भरले. मावशींनी डॉक्टरांना बसवून पाणी दिलं.

"सापडला ना तो? चांगला खडसावलात वाटतं."

"हो."

"मग एकदा येऊन चुकलं म्हणायला काय झालं त्याला?"

डॉक्टरांनी पेला खाली ठेवला.

 

"तुमच्यासमोर तोंड उघडायचा धीर होत नाहीये त्याला, मावशी."