हजार चंद्रांचा केक

"पूस ते डाग!" अंबरीशने बायकोचे केस मागून धरले आणि तिचं तोंड केकपाशी नेलं. "काहून काळे ठिपके मारून राहिली? बाबांचा चंद्र आहे तो. आजच्या दिवशी डाग पाहिजेत का त्याला?"

केकवर गडद निळं आकाश होतं आणि मधोमध पूर्ण चंद्र. संध्याकाळी सदर बाजारातल्या हॉलमध्ये अंबरीशच्या वडिलांचं, भय्यासाहेबांचं, सहस्रचंद्रदर्शन होतं. अर्धं जबलपूर येणार होतं, निदान मराठी बोलणारं तरी. विधी आटोपला की नातवंडांच्या हौसेखातर केक कापायचा, असं ठरलं होतं. बापाने हजार पौर्णिमा पाहिल्या, पण चंद्रावर डाग असतात हे लेकाच्या गावीही नव्हतं.

"अहो, चंद्र असाच असतो," अवंती म्हणाली. "आणि फवारलेला रंग पुसता येत नाही, पसरतो. वरून नवा थर द्यावा लागेल. तो वाळायला आता वेळ नाही."

नाही म्हटलेलं त्याला खपत नसे. पहिली बुक्की पाठीत बसली, दुसरी बरगडीत. तोंडावर मारायचं नाही, एवढी अक्कल त्याने शाबूत ठेवली होती. कारखान्यात साहेब, मंडळाचा कार्यवाह, गल्लीत प्रत्येकाला हसून नमस्कार करणारा. असला सभ्य माणूस बायकोच्या तोंडावर खूण कशाला ठेवेल? पाठ कोण बघतं!

मार ती सोसत आली होती. ऐकायला लाज वाटते, पण खरं आहे ते. हात मात्र तिने दर वेळी पोटाशी घेऊन वाचवले होते. अधारतालच्या या घरातल्या मागच्या खोलीत ती एकटीने केकवर रंग फवारायचा एअरब्रश शिकली होती. पेनासारखा धरायचा. खटका जरा मागे घेतला की धुकं, जास्त घेतला की धार. त्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल, तर ते एवढंच होतं. अंबरीशला ते चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच आज त्याने तिचा उजवा हात धरला.

"बहुत घमंड आहे ना या हाताचा? चलो, आज हातच मोडून टाकतो."

त्याने तिचा पंजा टेबलावर दाबला आणि साखरेचा थर लाटायचं जाड लाटणं उचललं.

"आई!" अवंती ओरडली.

भय्यासाहेब आधीच हॉलवर गेले होते. बाहेरच्या खोलीत सासूबाई, अंजनीबाई, निरांजनांत वाती घालत बसल्या होत्या. त्यांना सगळं ऐकू आलं. नेहमीच येत असे. नेहमीसारख्याच त्या उठल्या आणि त्यांनी रस्त्याकडची खिडकी लावून घेतली.

लाटणं खाली आलं. अवंतीची करंगळी मोडली. पापड मोडावा तेवढाच आवाज झाला. लाटणं पुन्हा वर गेलं.

तिचा डावा हात चाचपडत एअरब्रशवर पडला. त्याच्या कपात आकाशाचा निळा रंग काठोकाठ होता आणि कॉम्प्रेसर चालूच होता. तिने तो नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरला आणि खटका होता नव्हता तेवढा मागे ओढला.

तो किंचाळत बेसिनकडे धावला. साबण लावून, पाणी मारून तोंड खसाखसा घासू लागला. पाण्याने रंग पसरत गेला, कपाळावरून कानांत आणि कानांतून मानेवर. हा रंग चार-चार दिवस कातडी सोडत नाही, हे अवंतीने त्याला सांगितलं असतं. पण बायकोचं ऐकायची त्याला सवय नव्हती.

आरशात बघून तो गुरासारखा हंबरला. परत आला, तिच्या पोटात लाथ घातली आणि ती खाली कोसळल्यावर लाटणं शोधू लागला. तेव्हा त्याला दारात ओवाळणीचं ताट घेतलेली आई दिसली.

"बघ आई, काय केलं हिनं! आता हे तोंड घेऊन मी हॉलमध्ये कसा जाऊ?"

अंजनीबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्या सुनेच्या बोटाकडे बघत होत्या. करंगळी उलटी वळली होती. त्या तशाच खाली बसल्या, हातातल्या ताटावरचं नवं वस्त्र त्यांनी अवंतीच्या पंजाला गुंडाळलं आणि तिला काखेत हात घालून उभं केलं.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या. "आधी डॉक्टर. मग पोलीस ठाणं. मी येते संगं."

अंबरीश आडवा आला. आईने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला बाजूला सारलं. आई आपल्याला ढकलू शकते, हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं. तो त्यांच्या मागे दारापर्यंत धावला. समोर शेजारचे श्यामसुंदर भैया सहकुटुंब, नटूनथटून गाडीत बसत होते. अंबरीश उंबऱ्याच्या आतच थांबला आणि दाराआड झाला.

"आई, वेड लागलं का तुला?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "आज बाबांचा सोहळा आहे. त्यांच्या शेजारी पाटावर कोण बसेल? लोक विचारतील, तू कुठं आहेस. काय सांगू मी त्यांना?"

अंजनीबाईंनी सुनेला ऑटोत बसवलं. मग वळून त्या अर्धवट उघड्या दाराशी आल्या.

"सांग, आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली. कोणी जास्त विचारत नाही. तुझे बाबा जन्मभर लोकांना हेच सांगत आले."