शेवटच्या डब्यातली बाई

आगगाडी पुलाच्या मध्यावर आली आणि बेबीबाईंनी हात वर केला.

"थांबवा."

गाडी ओढण्याची दोरी त्यांच्या मुलाच्या, मुरारीच्या, हातात होती. त्याने ती तत्काळ सोडली. मालिकेचा दिग्दर्शक भूपेंद्र गुडघाभर पाण्यात कॅमेऱ्यामागे वाकलेला होता. तो सरळ झाला.

"आजी, शूटिंग थांबवाचं काम माझं असते."

"असन. तलाव आमचा आहे."

तलावात वेळूचा पूल उभारला होता. हातभर लांबीचे इंजिन आणि त्यामागचे तीन डबे बेबीबाईंचे यजमान लिलाधर यांनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून घडवले होते. डबे तरंगू नयेत, सरळ तळाशी जावेत, म्हणून प्रत्येकाच्या बुडाला जाळ्याची शिशाची वजने ठोकली होती. कॅमेरा पाण्याला टेकवून ठेवला की या तलावाचा महापूर होतो आणि खेळण्यातली गाडी खरी दिसते, असे भूपेंद्रने सर्वांना समजावून सांगितले होते. मालिकेतली ही गाडी आज पुलावरून कोसळून बुडायची होती. त्याला बेबीबाईंची हरकत नव्हती. परंतु गाडी समोरून गेली तेव्हा खिडक्यांतून त्यांना चेहरे दिसले.

"आतमंदी माणसं बसवली?" त्यांनी यजमानांना विचारले.

"बसवली. साहेब म्हणले, खिडकीत तोंडं दिसली पाहिजेत."

"काढा."

"आजी," भूपेंद्र म्हणाला, "रिकामी गाडी बुडाली तर पाहणाऱ्याले रडू कसं येईन?"

"या तलावातून माणसं बाहेर काढाचं काम आमच्या घरचं आहे. बुडवाचं नाही."

गावात कोणी पाण्यात गेले की पहिला निरोप मासेमारी करणाऱ्या या धिवरांच्या घरी येतो, हे काठावर जमलेल्या प्रत्येक गावकऱ्याला ठाऊक होते. गेल्या पावसाळ्यात बापलेकांनी याच पाण्यातून गावातल्या कोणाचा देह वर आणला, तेही ठाऊक होते. भूपेंद्रला ते ठाऊक नव्हते. त्याने मावळतीकडे पाहिले.

"ऊन चाललं, आजी. आज झालं नाही तर मी नागपूरले जाऊन कॉम्प्युटरवर गाडी बनवतो. मंग ही ठेवा घरीच."

लिलाधर खाली वाकले आणि सरळच असलेले एक चाक सरळ करू लागले. बेबीबाईंनी ते पाहिले. लुगड्याचा ओचा खोचून त्या पाण्यात उतरल्या आणि त्यांनी पहिल्या डब्याचे झाकण उचलले.

आत त्याच हलक्या लाकडाची, बोटभर उंचीची माणसे होती. एकेक उचलून त्या पदरात घेऊ लागल्या. प्रत्येक मूर्ती क्षणभर डोळ्यांसमोर धरल्यावाचून त्यांनी पदरात टाकली नाही.

"ही ज्योत्सना. दोन वेण्या अन् नाक वर. अन् हे कोण? यादोराव! मिश्या तर पाहा, इंजिनाहून मोठ्या."

काठावर हशा पिकला. खुद्द यादोराव पुढे सरसावले. "वहिनी, मले कायले काढता वो? टीव्हीवर तर येऊ द्या एकदा!"

"याचं असन तर जित्ते या."

दुसरा डबाही रिकामा झाला. तिसऱ्यात एकच मूर्ती होती. कॅमेऱ्याकडच्या खिडकीत एक बाई ताठ बसलेली, हनुवटी वर, एक हात खिडकीबाहेर काढलेला. साऱ्या आगगाडीला तीच हाकत होती जणू. काठावर आता कोणी हसले नाही. सगळे बेबीबाईंच्या तोंडाकडे पाहू लागले.

"मले कधी बसवलं गाडीत?"

लिलाधरांनी डोके खाजवले. "बसतो, बसतो म्हणते. अन् घरून काही निघत नाहीस. म्हून म्या बसवून टाकलं."

बेबीबाईंनी मूर्ती उचलली नाही. ओल्या बोटाने तिच्या डोक्यावरचा रंगवलेला पदर तेवढा पुसला. त्यावर धूळ बसली होती.

"एक तोंड पुरन का तुमाले?" त्यांनी भूपेंद्रला विचारले.

"कॅमेऱ्याकडं असलं तर पुरन."

त्यांनी झाकण परत ठेवले.

"अवो!" लिलाधर चटकन पुढे आले. "ते तर तू आहेस."

"दिसते मले."

"बुडन ना ते!"

"तलावात? मी?"

त्या गावकऱ्यांना पदरात घेऊन काठावर आल्या आणि त्यांनी मुरारीकडे पाहून मान हलवली. दोरी ताणली गेली. गाडी पुन्हा निघाली, तुटक्या रुळाशी पोहोचली, क्षणभर थबकली, आणि इंजिनामागे एकेक डबा पाण्यात गेला. शिशाने आपले काम चोख केले. सरळ, संथ, दिवे लावून निघालेल्या गाडीच्या तोऱ्यात ती खाली गेली. शेवटच्या डब्यातला हात सर्वांत मागाहून दिसेनासा झाला.

बुडबुडे आले. मग तेही थांबले. भूपेंद्रने 'कट' म्हणायला हवे होते. तो म्हणाला नाही. लिलाधर पाण्याकडे पाहत उभे होते.

प्रथम डब्याचे झाकण वर आले. त्याच्यामागून ती आली. उताणी, हनुवटी वर, हात उचललेला. वारा काठाकडे वाहत होता. लिलाधर धावतच पाण्यात शिरले.

"हात नका लावू," बेबीबाई म्हणाल्या. "येऊन राहिली ते."