दहा पावलं

सांगलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात बायकोच्या, मायाच्या, हृदयाच्या ऑपरेशनचा दर ऐकला आणि बिरदेवनं तिला घेऊन बाहेरची वाट धरली. स्वतःची बायको वारल्यापासून फारसा न बोलणारा त्याचा चुलता, धुळा, मागून येत होता.

"विमावाल्याला कमी दर, आपल्याला जादा. म्हंजी दर खाली येतोय, तात्या," बिरदेव हळूच म्हणाला. "सावकाश चला. बोलवत्याल माघारी."

मेंढरांच्या बाजारात दोघांचा जन्म गेला होता. तिथं पहिला दर ऐकला की पाठ फिरवून चालू लागायचं. दहा पावलांत मागून हाक येते, मग खरा सौदा सुरू होतो.

फाटकापाशी माया छातीला हात लावून खाली बसली. बिरदेव अजून कान मागं लावून उभा होता. धुळानं त्याचा दंड धरला.

"हिला आत ने. पैशाला माजी मेंढरं इक."

"आवं तात्या, जरा दम धरा की. हाक येईल."

"न्हाई येत रं. तुज्या चुलतीला घेऊन मी बी असाच निघालो हुतो. पार घर आलं."